नदीकाठचे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी सांगली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की विषय काहीसा उदात्त असावा अशी आपली अपेक्षा असते. चिटणीसबाईंनी मला दिलेला विषय मात्र अगदी उंबऱ्यावरचा आहे. नदीकाठी घर घ्यावे की नाही, घ्यावयाचे तर काय पाहून घ्यावे, आणि घेतल्यावर त्यात कसे राहावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. हा विषय आजच का निघाला हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आपल्या या साठ-सत्तर घरांच्या वस्तीतून काही बिऱ्हाडे विश्रामबागेकडे निघून गेली. काही जुने वाडे पाडून तेथे चार मजली इमारती उभ्या राहिल्या. काही दारांवर ‘घर विकणे आहे’ अशा पाट्या लागल्या आहेत, आणि दर रविवारी तरुण जोडपी त्या पाट्या वाचीत गल्लीतून हिंडताना दिसतात. आपल्या मंडळात विकणाऱ्यांच्या घरच्या भगिनी आहेत आणि घेणाऱ्यांच्या घरच्याही आहेत. दोघींना एकत्र बसवून बोलावयाचे म्हणजे जरा अवघडच. पण दोघींना वेगवेगळे सांगण्यापेक्षा ते बरे. माझी सारी नोकरी बँकेच्या कर्जखात्यात गेली आणि राहणे या काठावर झाले. तेव्हा कागद आणि पाणी या दोहोंची थोडीबहुत ओळख मला आहे, एवढाच माझा अधिकार.

प्रथम हे सांगते की, नदीकाठी राहू नका असे म्हणावयास मी उभी राहिलेली नाही. ज्याने वैशाखातल्या संध्याकाळी घाटावरचा वारा घेतला आहे, हरिपूरच्या रस्त्यावरील चिंचांच्या सावलीतून संगमेश्वरापर्यंत पायी गेला आहे, त्याला हे सांगून पटणारही नाही. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव दुसरीकडच्या वांग्यांना नाही. गणपतीच्या देवळातली घंटा घरात बसून ऐकू येते. बाजार, शाळा, दवाखाना सारे पायाखाली आहे. शिवाय येथे शेजार आहे. वरण फोडणीला टाकल्यावर कढीलिंब नाही असे लक्षात आले तर शेजारच्या वहिनींना भिंतीवरून हाक मारता येते. ही सोय नव्या वसाहतीत पैसे मोजूनही मिळत नाही. आणि शेवटची गोष्ट म्हणजे, येथला भाव मध्यमवर्गीय माणसाला झेपतो. म्हणून माणसे येथे घरे घेणार, आणि त्यांनी घ्यावीतही. पण डोळे उघडे ठेवून घ्यावीत.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये असे आपल्याकडे म्हणतात. ऋषींचे असेल ते असो, घर घेणाऱ्याने मात्र नदीचे मूळ शोधलेच पाहिजे. आपल्या कृष्णेला जे पाणी येते ते सांगलीत पडलेल्या पावसाचे नव्हे. ते महाबळेश्वरच्या डोंगरात पडते, कोयनेच्या खोऱ्यात पडते, आणि कऱ्हाडच्या संगमावरून खाली उतरत येते. म्हणून पुष्कळदा सांगलीत स्वच्छ ऊन पडलेले असते, वाळवणे टाकावीत अशी हवा असते, आणि घाटाच्या पायऱ्या मात्र एकेक करून पाण्याखाली जात असतात. दुसरी गोष्ट अशी की, आपल्या गावाखाली हरिपुराशी वारणा कृष्णेला मिळते आणि पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते. या नद्याही त्याच वेळी फुगलेल्या असल्या की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकावयास वाव राहत नाही. मुलूख सपाट असल्याने ते मग आडवे पसरते. असे पाणी लोंढ्यासारखे धावत येत नाही. ते हलक्या पावलांनी येते, चढते, आणि उतरावयाचे नाव घेत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाणी नेहमी नदीच्या बाजूनेच येते असे नाही. नदी चढली की गावातून नदीला मिळणारे नाले उलटे भरू लागतात. ज्या नाल्याने वर्षभर गावचे सांडपाणी नदीकडे नेले, त्याच नाल्याने नदीचे पाणी गावात शिरते आणि मागच्या सखल भागात तळ्यासारखे साठते. शामरावनगरसारख्या भागात राहणाऱ्या भगिनींना याचा चांगलाच अनुभव आहे. तेथून घाट दिसतही नाही. म्हणून ‘नदीपासून किती लांब?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. ‘नदीपासून किती उंच?’ हाच खरा प्रश्न.

उंची मोजण्याची सोय सांगलीला देवाने नव्हे, एका पुलाने करून दिली आहे. १९२९ साली खुला झालेल्या आयर्विन पुलावरची पातळी हे आपल्या गावचे पंचांग आहे. तेथे ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे येथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २००५ च्या महापुरात ही पातळी ५३ फुटांच्या वर गेली. तेव्हा जुनीजाणती माणसे म्हणाली, एवढे पाणी आम्ही पाहिले नाही. पुष्कळांनी त्या वर्षीची रेघ भिंतीवर ओढून ठेवली आणि पाणी यापुढे येणार नाही असे मनाशी धरले. २०१९ च्या ऑगस्टात पाणी चढू लागले तेव्हा त्याच रेघेवर विसंबून कित्येक कुटुंबे घरातच थांबली. ‘२००५ ला एवढेच आले होते’ असे म्हणत त्यांनी धान्याचे डबे रेघेच्या वर ठेवले आणि निश्चिंत झाली. त्या खेपेला पातळी ५७ फुटांच्या वर गेली. म्हणजे जुन्या रेघेहून तीन फुटांपेक्षा अधिक. तीन फूट म्हणजे उभ्या माणसाची कंबर. २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ फुटांच्या आसपास पाणी आले. सोळा वर्षांत हे तीन महापूर. हरिपूरची हळदीची पेवे आपण सर्वजणी जाणतो. जमिनीच्या पोटात हळद कोरडी राहते म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती तेथे साठवीत आले. २००५ साली त्या पेवांतही पाणी शिरले. मागच्या पिढीचा अनुभव मोलाचा खरा, परंतु नदीने त्यावर सही केलेली नसते.

आता घर पाहावयास जाणाऱ्या भगिनींसाठी काही सांगते. आपण घर पाहतो ते बहुधा उन्हाळ्याच्या सुटीत. तेव्हा नदी आपल्या पात्रात नीट अंग चोरून बसलेली असते. शक्य असेल तर तेच घर श्रावणात एकदा पाहावे. नाही जमले तर घरातल्या खुणा पाहाव्या. रंग नवा असेल तर कपाटामागची भिंत पाहावी, कारण कपाट सरकवून रंग देण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. भिंतीच्या खालच्या भागाला लोणा लागला आहे का, दारांच्या चौकटी तळाशी फुगल्या आहेत का, कडीकोयंडे एका ठराविक उंचीपर्यंतच गंजले आहेत का हे पाहावे. सगळे घर जुने आणि कमरेपर्यंतच्या फरश्या तेवढ्या नव्या कोऱ्या, असे दिसले तर कारण विचारावे. विजेचा मीटर माणसाच्या डोक्याहून उंच बसवला असेल तर तो बसवणाऱ्याला काही ठाऊक होते असे समजावे. आणि मग दलालाला न विचारता कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत विचारावे, दूधवाल्याला विचारावे, इस्त्रीवाल्याला विचारावे. ‘पाणी येते का?’ असे विचारले तर सगळे ‘नाही हो’ म्हणतात. ‘२०१९ ला तुमच्या दुकानात कुठपर्यंत आले होते?’ असे विचारले की माणूस आपसूक हात वर करून दाखवतो.

एक तरुण शिक्षिका कर्जासाठी बँकेत आली होती. घराचे कागद नीट होते, भाव कमी होता, नवऱ्याची घाई होती. तिने मात्र कागदाच्या मागे एक टिपण केले होते. गल्लीच्या तोंडाशी पाणी ४६ फुटांना येते, फाटकाशी ४९ ला, उंबऱ्याशी ५१ ला. तीन दुकानदारांना विचारून तिने हे आकडे ताडून घेतले होते. मूल्यांकनाच्या अहवालात जे नव्हते ते त्या चार ओळींत होते. तिने ते घर घेतले. पण मागितलेल्या किमतीला नव्हे. आणि उरलेल्या पैशांतून तिने पहिले काम केले ते माळ्याचे. भगिनींनो, घासाघीस याला म्हणतात. भाजीच्या जुडीमागे दोन रुपये कमी करून घेण्यात आपण तरबेज असतो. घराच्या वेळी मात्र डोक्यावर पदर घेऊन मागे उभ्या राहतो.

दुसरी चौकशी महापालिकेच्या नगररचना खात्यात करावयाची. पूररेषांचे नकाशे असतात आणि त्यांवर दोन रेषा असतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नव्या बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम नियंत्रित असते. राज्याच्या बांधकाम नियमांप्रमाणे तेथे जोते लाल रेषेच्या पातळीहून निदान ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, उंच ठेवावे लागते. आपले घर या नकाशात कोठे बसते ते पाहावे, आणि विकणाऱ्याच्या तोंडी बोलण्यावर न जाता झोनचा दाखला लेखी मागून घ्यावा.

या ‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार घोटाळा केला आहे. २०१९ ला पूर आला, आता २५ वर्षे निर्धास्त, असे ऐकू येते. नदी दिनदर्शिका पाहून येत नाही. या शब्दांचा अर्थ एवढाच की, दर वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात चार आहे. यंदा आला म्हणून पुढल्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. आपले कर्ज समजा वीस वर्षांचे आहे. त्या वीस वर्षांत निळ्या रेषेचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता हिशेबाने शंभरात ५६ निघते. म्हणजे येईल की नाही यावर पैज लावावयाची तर येईल या बाजूने लावावी. लाल रेषेच्या पुराचीही शक्यता तेवढ्या काळात शंभरात सुमारे १८ होते. इतक्या शक्यतेने घरात चोरी होणार असती तर आपण कुलूप बदलले नसते काय? आणि हे काही एकट्या सांगलीचे दुखणे नव्हे. २०२४ च्या जुलैत पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचे पाणी इमारतींत शिरले तेव्हा तेथेही सुशिक्षित, नोकरदार, कर्जाचे हप्ते भरणारीच माणसे राहत होती.

कागदांविषयी थोडक्यात सांगते, कारण ते काम वकिलाचे आहे आणि वकिलाची फी वाचवू नये. जमिनीचा सातबारा किंवा शहरात असेल तर मिळकत पत्रिका, त्यावरचे फेरफार, मागच्या तीस वर्षांचा शोध, बिनशेतीचा आदेश, बांधकामाची परवानगी आणि भोगवटा पत्र एवढे तरी असलेच पाहिजे. आपल्याकडे गुंठेवारीचे भूखंड पुष्कळ. शेत तुकडे करून गुंठ्या-गुंठ्याने विकलेले असते. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. असे भूखंड नियमित करून घेण्यासाठी २००१ साली कायदा झाला. पण ‘होईल नियमित’ आणि ‘झाले नियमित’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दाखला हातात घेऊनच पैसे द्यावेत. नोटरीच्या कागदावर व्यवहार करून घर आपले झाले असे समजणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या. भगिनींनो, नोटरीच्या शिक्क्याने मालकी मिळत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखतानेच मिळते. स्वस्त गुंठा बहुधा सखल जागीच असतो, आणि काळ्या मातीचा असला तर पाऊसकाळी फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो. तेथे पाया किती खोल गेला आहे हे बांधणाऱ्या गवंड्यालाच विचारावे.

इमारतीतला फ्लॅट घेणाऱ्यांचे एक ठरलेले वाक्य असते: ‘आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आम्हाला पाण्याचे काय?’ पाणी तिसऱ्या मजल्यावर येत नाही हे खरेच. पण लिफ्टचे यंत्र, पाण्याचा पंप, विजेचे मीटर, मैल्याची टाकी आणि गाड्या हे सारे तळमजल्यावर असते. ते बुडाले की तिसरा मजला म्हणजे बेट. दूध नाही, पाणी नाही, दिवा नाही, संडासाची सोय नाही, आणि सासूबाईंची रक्तदाबाची गोळी उद्या संपणार. म्हणून इमारत घेताना मजला विचारण्याआधी मीटर आणि पंप किती उंचीवर आहेत ते विचारावे. दुसरे असे की, ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या अथवा आठ घरांपर्यंतच्या इमारतीला महारेराची नोंदणी सक्तीची नाही, आणि आपल्या गल्लीतल्या बहुतेक नव्या इमारती तेवढ्याच आहेत. तेव्हा ‘महारेरा बघून घेईल’ अशा भरवशावर राहू नये. जेथे नोंदणी आहे तेथेही करारनामा नोंदल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. ती मागण्याचा अधिकारच बांधणाऱ्याला नाही.

आता विम्याची गोष्ट. बँकेने कर्ज देताना काही विमा उतरवलेला असतो, आणि आपण समजतो की घराचा विमा झाला. पुष्कळदा तो विमा कर्जदाराच्या जिवाचा असतो, भिंतींचा नसतो. कागद काढून वाचावा. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाचा सर्वसाधारण विमा देशभर मिळतो आणि त्यात पुराचे नुकसान धरलेले आहे. इमारतीच्या विम्याबरोबर घरातल्या सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतके संरक्षण त्यात आपोआप मिळते. दर मे महिन्यात घरातल्या प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून मुलाच्या अथवा बहिणीच्या फोनवर पाठवून ठेवावी. पाणी ओसरल्यावर काय गेले ते आठवून सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे असते.

आणि घर कोणाच्या नावावर? हा प्रश्न मी मुद्दाम मंडळात विचारते. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात केवळ स्त्रीच्या नावे राहते घर खरेदी केले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. तीस लाखांच्या घराला ते तीस हजार रुपये झाले. दोघांचे जोडनाव घातले तर ही सवलत नाही. तीस हजार ही गोष्ट लहान नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीच्या नावची मिळकत पूर्णपणे तिची असते. पूर येतो तेव्हा घर पुसते कोण, गाळ उपसते कोण, ओली गादी उन्हात टाकते कोण? जिच्या हाताला त्या गाळाचा वास महिनाभर येतो, तिचे नाव कागदावर असावे ही काही फार मोठी मागणी नव्हे.

राहणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सांगते. प्रत्येक घराने आपल्या उंबऱ्याचा आकडा पाठ करावा. समजा तो ५० आहे. मग आयर्विनवर ४० फूट झाले की गहू-तांदूळ, पुस्तके आणि कागदपत्रे माळ्यावर. ४३ झाले की म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि औषधे उंचावरच्या नातलगाकडे. ४५ झाले की गॅस बंद करून टाकी बांधावयाची, विजेचा मुख्य खटका खाली आणि घराला कुलूप. ज्यांचा उंबरा खाली त्यांनी हे आकडे त्या मानाने खाली घ्यावेत. शेजारी अजून बसले आहेत म्हणून आपण बसावयाचे नाही. आपण निघालो की शेजारीही निघतात. कोणी तरी पहिले उठावे लागते एवढेच. नदी भरली की आपण खणानारळाने तिची ओटी भरतो. माहेरवाशिणीचा मान तिला अवश्य द्यावा. पण माहेरवाशीण कधी येणार, किती दिवस राहणार याची तयारीही घरच्या बाईलाच ठेवावी लागते.

आता मी विकणाऱ्या भगिनींकडे वळते, कारण आजच्या भाषणातली अवघड गोष्ट तीच आहे. घर विकावयाचे ठरले की पहिल्यांदा भिंतीवरची पाण्याची रेघ पुसली जाते. वर रंगाचे दोन हात बसतात. घेणाऱ्याने विचारलेच तर ‘आमच्याकडे नाही येत’ असे सांगितले जाते. असे करणाऱ्या सगळ्या बायका काही लबाड नसतात. एखादीचा नवरा गेलेला असतो, मुलगा परगावी असतो, एकटीने पुन्हा एकदा गाळ उपसण्याचे बळ उरलेले नसते. घर हेच तिचे एकमेव धन. खरे सांगितले तर चार लाख कमी येतील, कदाचित गिऱ्हाईकच फिरकणार नाही, ही तिची भीती खोटी नाही. तिला उपदेश करणे सोपे आहे; तिच्या जागी उभे राहणे अवघड आहे.

तरीही मला म्हणावयाचे आहे की, ती रेघ पुसू नका. कायदा तर हेच सांगतो. मिळकतीतला जो मोठा दोष आपल्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळण्यासारखा नाही, तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे. पण कायद्याचे राहू द्या. आपण पुसलेली रेघ कोणासमोर पुन्हा उमटणार आहे, याचा विचार करा. ज्या घरात आपल्याला कोठे काय ठेवावे, केव्हा निघावे हे ठाऊक होते, त्याच घरात उद्या एक परकी मुलगी तान्हे मूल कडेवर घेऊन मध्यरात्री अंधारात उभी असेल. पाणी पायाला लागेपर्यंत तिला काही कळणार नाही, कारण तिला कोणी आकडा सांगितलेला नाही. चार लाखांत आपण तिला घर विकले नाही, तिचे निघून जाण्याचे दोन दिवस विकले. हे ज्ञान घराबरोबर द्यावयाचेच असते; किल्ल्यांच्या जुडग्यात ती एक किल्ली आहे.

आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहा. रेघा पुसल्या जातात म्हणून घेणारा आता कोणत्याच भिंतीवर विश्वास ठेवीत नाही. ज्याच्या घरात पाणी कमरेइतके आले त्याचा भाव पडतो, आणि ज्याचे जोते उंच, ज्याच्या उंबऱ्याला पाणी शिवलेही नाही, त्याचाही भाव तितकाच पडतो. लपवाछपवीचा दंड सगळी गल्ली मिळून भरते. याउलट, ‘पाणी ५२ ला येते, आम्ही मीटर वर घेतला आहे, माळा पक्का केला आहे, विमा आहे’ असे सांगणारे घर घेणाऱ्याला समजते, त्याची किंमत करता येते. ठाऊक असलेल्या दोषाची किंमत ठरते. संशयाची ठरत नाही.

म्हणून मंडळापुढे मी एक सूचना ठेवते. आपण या वस्तीची एक वही करावी. प्रत्येक घराचे एक पान. त्यावर फाटकाचा आकडा, उंबऱ्याचा आकडा, २००५, २०१९ आणि २०२१ ला आत किती पाणी होते, मीटर किती उंचीवर आहे, घरात चालता न येणारे कोणी आहे काय, एवढे लिहावे. याला अभियंता लागत नाही. गवंडी समपातळी काढतात ती पारदर्शक नळी घ्यावी, तीत पाणी भरावे, आणि एका घरच्या उंबऱ्यावरून दुसऱ्या घरच्या उंबऱ्यापर्यंत पातळी नेत जावे. ज्यांना आपल्या घरचा आकडा पक्का ठाऊक आहे अशा दोन-तीन घरांवरून बाकीच्यांचे काढता येतील. दोघी जणी नळी धरतील, तिसरी लिहील, चौथी चहा करील. चार रविवारी गल्ली पुरी होईल. ती वही मंडळाच्या कपाटात माळ्यावर राहील, आणि घर पाहावयास येणाऱ्या कोणाही माणसाला ती दाखवली जाईल. ज्यांना आपले पान दाखवावयाचे नसेल त्यांच्यावर सक्ती नाही. पण कोरे पानही पुष्कळ बोलते.

एकटीने खरे सांगावयाचे म्हणजे नुकसान सोसणे. साऱ्या जणींनी मिळून सांगितले म्हणजे ती वस्तीची रीत होते आणि नुकसान कोणा एकीच्या डोक्यावर बसत नाही. घर विकावे लागणाऱ्या त्या एकट्या बाईला मंडळाने करावयाची खरी मदत हीच. तिच्यासाठी गिऱ्हाईक शोधा, तिच्याबरोबर वकिलाकडे जा, तिचे पान नीट लिहून द्या, मीटर वर घेण्याचे काम वर्गणीतून करून द्या. पण तिला एकटीने खोटे बोलावयास लावू नका.

येत्या पावसाळ्याला अद्याप अवकाश आहे. वहीचे पहिले पान माझ्या घराचे घालावे, ही अध्यक्षाबाईंना विनंती. आमच्या उंबऱ्याचा आकडा ४९ आहे. तो येथे सर्वांसमक्ष सांगितला आहे. चिटणीसबाईंनी लिहून घ्यावा.